सवडीनं

"म्या ‘सवडीनं ये’ म्हनलं हुतं. त्या मुडद्यानं तारंत भलतंच घातलं."

धोंडुबाईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण नातीच्या कानातून तिचा हा आवाज काही गेला नव्हता. ज्वारी निवडताना सुपातला खडा बाजूला टाकावा, तसं म्हातारी हे वाक्य मधूनच बाहेर टाकायची आणि पुन्हा सूप हलवायला लागायची. ऐकायला समोर कुणी असावंच असं नव्हतं. आज सोप्यात बसून उत्कर्षा एका इंग्रजी शब्दावर काट मारत होती, तेव्हा तो आवाज असाच, कुणी न बोलावता आला. तिनं पेन थांबवलं. खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर दुसरा शब्द लिहिला. तोही खोडला आणि पुन्हा पहिलाच लिहिला.

"काय खोडलंस गं?" कॉटवरून तात्यांनी विचारलं.

"काय न्हाई. एक शब्द."

"थोरला... का धाकटा?"

"मधला."

"धाकटंच लय चावत्यात इंग्रजीत," तात्या म्हणाले आणि हसले. हसू खोकल्यात गेलं. उत्कर्षानं उठून पाठीखालची उशी वर घेतली, नाकाची नळी सारखी केली आणि कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या मशीनचा आकडा बघितला. मशीन दमलेल्या म्हशीसारखं सुस्कारे टाकत होतं. तात्यांचं बोलणं आता असं तुकड्या-तुकड्यानं यायचं. मोठी भाकरी चार घासांत खावी, तसं एक वाक्य ते तीन-चार श्वासांत संपवायचे. पण अर्धवट कधी टाकायचे नाहीत.

नानासो हे त्यांचं नाव, घराला ते तात्या. मिसरूड फुटायच्या आधी गाव सोडून ते एर्नाकुलमला गेले, गलाईच्या धंद्यात. सराफांकडचं जुनं, भेसळीचं सोनं आणायचं, मुशीत घालून आटवायचं, तेजाबात उकळून शुद्ध करायचं आणि परत द्यायचं. एका खोलीत भट्टी, त्याच खोलीत जेवण, तिथंच झोप. तेजाबाचा पिवळा धूर भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला चढायचा, तसाच तो माणसांनाही चढत होता, पण तसबीर पुसता येत होती. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, तेव्हा उत्कर्षाला आत वाळलेला दोडका दिसला होता. नुसती जाळी.

ती त्याच शहरात दुसऱ्या एका दवाखान्यात नर्स होती. म्हणून डॉक्टरांनी जे सांगायचं ते तिला सांगितलं. तिनं आईला त्यातलं अर्धं सांगितलं. तात्यांना काहीच नाही. आणि एर्नाकुलमला आता दुकान सांभाळणाऱ्या थोरल्या भावाला, धैर्यशीलला, ‘हळूहळू फरक पडतोय’ एवढंच.

विलायतेला जाऊ पाहणाऱ्या नर्सेसना इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, बोलणं यात उत्कर्षा पास झाली होती. अडलं होतं लिहिण्यापाशी. एका पेशंटची हकीकत द्यायची, आणि ती वाचून दुसऱ्या गावच्या डॉक्टरला पुढचं काय ते कळलं पाहिजे, असं पत्र लिहायचं. सांगलीच्या ब्राह्मी मॅडम नर्सेसना हे शिकवायच्या. घराच्या माडीवर सतरंजी घालून वर्ग, आणि सूर्य कलायच्या आत सुट्टी, कारण मॅडमचं जेवण दिवस मावळायच्या आधी. त्यांनी उत्कर्षाचा पहिला कागद वाचून चष्मा काढला होता.

"पेशंटला खोकला आहे. पेशंटला धाप आहे. पेशंटला भूक नाही. हे काय आहे? ही वाक्यं आहेत का कवायतीला उभी केलेली पोरं? सगळी एका उंचीची, एका गणवेशातली." वर्ग हसला होता. "एखादं वाक्य लहान असू दे, त्याच्या पाठीवर एखादं लांब बसू दे. एखाद्याची सुरुवात ‘असं असूनही’नं करा. आणि कसं, ते सांगा. चालतो म्हणजे कसा चालतो? दुखतं म्हणजे कसं दुखतं? क्रियाविशेषण हे नटवायला नसतं हो. तिकडं बसलेल्या माणसाच्या हातात त्याशिवाय दुसरं काही नाही."

छापील हकीकतींवर लिहून लिहून मुलींची पत्रं एकमेकींसारखी व्हायला लागली, तेव्हा मॅडमनी सांगितलं की आपापल्या बघण्यातला एखादा पेशंट घ्या, नाव बदला आणि लिहा. उत्कर्षा तात्यांसाठी रजा काढून गावी आली होती. तिच्या बघण्यात एकच पेशंट होता.

परीक्षा पुढच्या आठवड्यात, पुण्यात. जाऊ नये असं तिच्या मनात होतं. पण तात्याच ऐकत नव्हते.

"मी काय... पळून चाललोय व्हय?" ते म्हणायचे. "जा. पास हो. आन ये."

---

दुपार कलल्यावर भाऊसो आला. ओढ्यापलीकडं त्याचं घर. ओढा अलीकडून सांगली जिल्ह्यात आणि पलीकडून साताऱ्यात, त्यामुळं तो रोज जिल्हा ओलांडून येतो असं तात्या म्हणायचे. तात्यांच्या बरोबरच तो मुलखाला, म्हणजे परमुलखात कमवायला, गेला होता आणि बरोबरच परत आला होता. त्याची छाती मात्र धड राहिली होती, आणि त्याची त्याला थोडी लाज वाटायची. ती लपवायला तो मोठ्यानं बोलायचा.

"काय नानासो! यंत्र चालू हाय न्हवं? का बिल वाचवाय बंद केलंस?"

"बंद केलं तर... तुला तेराव्याचं जेवान... घालावं लागंल."

"घाल की गड्या! तुझ्या बापाचं जितेपणी जेवलोय म्या. तुझं काय आवघड हाय?"

बोलून गेल्यावर भाऊसो थांबला. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं थांबलं. तात्यांनी खिडकीकडं मान वळवली. बाहेर शेवग्याच्या शेंगा वाऱ्यानं एकमेकींना लागत होत्या.

"चा टाक गं," तात्या आत बघून म्हणाले. "ह्येला साखर... जास्ती घाल. जीभ सुदरंल."

ती गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. कुणी ती हसून सांगायचं, कुणी हळहळून. फक्त तात्यांनी ती कधी सांगितली नव्हती.

तार आली तेव्हा नानासो आणि भाऊसो एर्नाकुलमच्या एकाच खोलीत राहायचे. तारेत इंग्रजीचं एक वाक्य होतं. फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली. त्याचा अर्थ कुणाला विचारायची गरज नव्हती. मुलखाला गेलेल्या प्रत्येक पोराला इंग्रजी म्हणून तेवढंच वाक्य पाठ होतं, आणि ते कधीच खरं नसायचं. जित्या माणसासाठी तार कोण करतो? ‘सीरियस’ म्हणजे गेला. एवढ्या लांबच्या वाटेत पोरानं धसका घेऊ नये, म्हणून मेलेल्याच्या अंगावर टाकलेलं ते पांघरूण होतं.

मग एर्नाकुलममधले गाववाले जमले. आता पळत जाऊन काय उपयोग, तिकडं अग्नीसुद्धा देऊन झाला असेल, असं जाणत्यांनी सांगितलं. नानासोला त्यांनी आलव्याच्या नदीवर नेलं, घाटावर बसवून डोकं केलं, पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. तेराव्याचं जेवणही तिथंच उरकलं. ‘बापाची कसलीच इच्छा मागं ऱ्हायली न्हाई,’ असं म्हणून भाऊसोनं त्याच्या तुळतुळीत डोक्यावर पंचा गुंडाळला आणि दोघं गाडीत बसले.

एस्टीतून उतरून घरासमोर आले, तर जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला म्हातारा अंगणात उन्हाला घोंगड्यावर बसून बशीतला चहा पीत होता. ताप उतरला होता. पोराला बघून तोंडभर हसला. वाकून पाया पडताना पंचा सुटला.

म्हातारा बराच वेळ त्या डोक्याकडं बघत राहिला.

"माझंच का रं?" त्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं उरलेला चहा मातीत ओतला आणि बशी पालथी घातली. त्यानंतर तो घोंगड्यावरून फारसा उठला नाही. ताप परत आला आणि त्यानंही तो परत जाऊ दिला नाही. खराच गेला, तेव्हा पोराच्या डोक्यावर करायला पुरेसे केसही आले नव्हते.

धोंडुबाईनं तार हापिसात सांगितलं होतं ते एवढंच, की म्हातारा आजारी हाय, तुझी आठवन काढतोय, सवडीनं ये. कारकून म्हणाला, मावशे, तारेत एवढं बसत न्हाई. आणि त्यानं रोज घालायचं तेच वाक्य घातलं. म्हातारीनं त्याला जन्मभर शिव्या दिल्या. नवरा मेला त्या वर्षीच्या मळणीत तिनं ओवी रचली होती, ती गावातल्या बायका अजून म्हणतात:

वाटंवरच्या बाभळी, तुजं काटं म्या येचिते
ल्योक मुलखाला गेला, त्येची पावलं वाचिते

अक्षर न येणारी बाई पावलं वाचत राहिली, आणि नानासोनं घराला एक नियम घालून दिला. या घरातून कुणालाही बोलावणं जायचं नाही. ना तार, ना फोन. ज्याला यायचं तो आपल्या पायानं येईल.

म्हणूनच रोज संध्याकाळी धैर्यशीलचा फोन आला, की तात्या नळीतून दम भरून घ्यायचे आणि एका श्वासात बसेल तेवढंच बोलायचे. "बरा हाय. तू धंदा बघ." मग फोन आईकडं. धैर्यशीलला तिकडून धाप ऐकू यायची नाही, कारण धाप लागायच्या आत वाक्य संपलेलं असायचं.

भाऊसोनं चहा संपवला. उठताना त्यानं तात्यांच्या पायावर हात ठेवला, नुसताच. पाऊल सुजलं होतं. बोटांचा ठसा तिथं राहिला, आणि तो ठसा भरून यायची वाट न बघता भाऊसो बाहेर पडला. उत्कर्षा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

"पोरी," तो हळू आवाजात म्हणाला, "धैर्याला सांगितलंस का न्हाई?"

"तात्या सांगू देत न्हाईत, काका."

"त्येच्या बापाच्या पायी त्यो तसं करतोय. पर आपुन?" फाटकाची कडी त्यानं दोनदा लावली, दोनदा काढली. "आन सांगायचं तरी कसं म्हना. आपल्याकडं सांगायची बोलीच ऱ्हायली न्हाई. ‘जास्त हाय’ म्हनलं की समोरचा रडायला सुरू करतोय."

---

तिनं पत्राच्या कागदाचा फोटो मॅडमना पाठवला होता. फोन आला, तेव्हा आई डेअरीला दूध घालायला गेली होती. उत्कर्षा बोलत बोलत परसात आली आणि शेवग्याला टेकून उभी राहिली.

"वाचलं मी," मॅडम म्हणाल्या. "खूप सुधारणा आहे. पहिलं वाक्य छोटं, मग ते लांबलचक, आणि मग ‘असं असूनही पेशंट चेष्टा करतो’. हे फार छान. माणूस दिसतो. कवायत मोडली एकदाची."

"थँक्यू मॅडम."

"पण एक क्रियाविशेषण चुकलंय. कुठलं ते तुम्हीच सांगा. कारण तुम्ही ते खोडून पुन्हा तेच लिहिलंय, मला दिसतंय इथं."

उत्कर्षानं झाडाच्या सालीत नख रुतवलं. "ग्रॅज्युअली."

"हां. वर तुम्ही लिहिता, या पंधरवड्यात मशीन दुपटीनं वाढवावं लागलं. पेशंट न्हाणीपर्यंतसुद्धा जात नाही. पायाला सूज आहे. आणि खाली काय, तर हळूहळू खालावतोय. कसं हळूहळू? अहो, वाचणारा डॉक्टर दुसऱ्या गावात आहे. त्यानं तुमच्या पेशंटला बघितलेलं नाही. आज निघायचं की पुढच्या आठवड्यात, हे तो या एका शब्दावर ठरवणार. तो हळूहळू वाचेल आणि हळूहळू येईल. तोवर?"

उत्कर्षानं नखानं सालीचा तुकडा सोलून काढला.

"शब्द येत नव्हता म्हणून तसं झालं असतं, तर मी समजले असते. पण तुम्हाला दुसरा शब्द येतो. लिहून खोडलाय. रॅपिडली." मॅडमचा आवाज थोडा उतरला. "वाचताना असं वाटतं, की हा पेशंट जगणार नाही हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत आहे, आणि वाचणाऱ्याला ते कळू नये अशी त्याची धडपड आहे. परीक्षेत मार्क जातील हो. बाहेर तर त्याहून जास्त जाईल." मग त्यांनी विचारलं, "पेशंट बनवलेलाच आहे ना, उत्कर्षा?"

"हो मॅडम," ती म्हणाली. "बनवलेलाच."

फोन बंद झाल्यावरही ती तशीच उभी राहिली. औंधाच्या बाजूला आभाळ तांबूस व्हायला लागलं होतं. लहानपणी तात्या सुट्टीला आले की त्या बाजूला हात करून सांगायचे, तिकडं यमाईचा डोंगर हाय, कुटंबी असलीस तरी हात जोडायचं, ती न बोलवता बघती. आता उत्कर्षाचे हात शेवग्याच्या डिंकानं चिकट झाले होते. ते तिनं ओढणीला पुसले आणि आत आली.

---

तात्या जागे होते. खिडकीतून आलेल्या उजेडाच्या पट्टीत त्यांचा हात पडला होता आणि ते त्या हाताकडं दुसऱ्याची वस्तू बघावी तसे बघत होते. बोटांची टोकं फुगून गोल झाली होती.

"मॅडम... काय म्हनल्या?"

"सुदारलंय म्हनल्या. वाक्यं बरी झाली."

"मग तोंड का... वाळलंय तुझं?"

"एक शब्द चुकला."

"त्योच? मधला?"

तिनं मान हलवली आणि स्टूल ओढून कॉटजवळ बसली. मशीनचा सुस्कारा गेला, आला. तात्यांनी घाई केली नाही. भट्टीसमोर बसलेला माणूस सोन्याला घाई करत नाही, मूस लाल व्हायची वाट बघतो. ती बैठक त्यांची अजून मोडली नव्हती.

"कशापायी लिवायचा असतोय गं... त्यो शब्द?"

"पेशंट कसा हाय ते सांगाय, तात्या. हळूहळू ढासळतोय का झपाट्यानं, ते. ते वाचून तिकडचा डॉक्टर निघायचं कवा ते ठरवतोय."

"तू काय लिवलंस?"

"हळूहळू."

"आन हाय काय?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांच्या अंगावरच्या चादरीची सुरकुती ती तळव्यानं सरळ करत राहिली. ती सरळ झाली, तरी करत राहिली. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर ओढ्यात उतरला, चढणीला लागला, पलीकडच्या जिल्ह्यात गेला, तोवर ती त्याचाच आवाज ऐकत होती.

"झपाट्यानं, तात्या," ती म्हणाली.

तात्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त उजेडाच्या पट्टीतला हात त्यांनी सावलीत घेतला.

"त्यो शब्द लिवला तर... निघंल त्यो दाक्तर?"

"निघंल."

"लगीच?"

"लगीच."

ते डोळे मिटून पडून राहिले. झोपले असं तिला वाटलं. मग डोळे न उघडताच म्हणाले, "धैर्याला लाव."

"तात्या?"

"लाव म्हनतोय न्हवं. आई यायच्या आत लाव. ती आली म्हंजे... रडून घोळ करंल."

"काय सांगू त्याला?"

"एवढं शिकवलंय तुला मॅडमनी. सांग... हाय तसं."

फोन लावताना तिनं मनात वाक्यं जुळवली. पहिलं छोटं. दादा, तात्या बोलत्यात, बसलेत, शुद्धीवर हायत. मग लांब. पण डॉक्टर म्हणाले की आता दिवस थोडे हायत, म्हणून तू जमेल तितक्या लवकर ये, ते तुझी वाट बघत्यात. सगळं जागच्या जागी होतं. तिनं स्पीकर लावला आणि फोन तात्यांच्या छातीजवळ चादरीवर ठेवला.

"बोल गं उत्की," धैर्यशीलचा आवाज आला. मागं भट्टीचा फुसफुसता जाळ, कुणीतरी मल्याळीत काहीतरी विचारत होतं. "आज लवकर केलास फोन? तात्या काय म्हनत्यात?"

"दादा..." ती म्हणाली आणि जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. तोंडात तेवढंच उरलं, जे या घराच्या तोंडात पहिल्यापासून होतं. "दादा, तात्यांचं जास्त हाय. लगीच नीघ."

पलीकडचा जाळ बंद झाल्याचं ऐकू आलं.

"कवा गेलं?" धैर्यशीलनं विचारलं.

"न्हाई, दादा, तसं न्हाई, हायत तात्या..."

"उत्की, मी काय ल्हान हाय का? खरं सांग. कवा गेलं?" त्याचा आवाज फाटला, पुन्हा जुळला; थोरला मुलगा म्हणून तो जुळवून घेत होता. "आई कशी हाय? आईजवळ कोन हाय? हे बघ, भाऊकाकास्नी म्हनावं मी येस्तवर ठेवा. घाई करू नका. तासगावास्नं बरफ सांगा, तितं द्राक्षावाल्यांकडं मिळतोय, रातच्याला ऊन न्हाई, टिकंल. मी विमानाचं बघतो. ऐकतीस का? बरफ सांगा आदी."

उत्कर्षानं फोनकडं हात नेला. स्पीकर बंद करायचा होता, पण त्या आधीच तात्यांचा सुजलेला हात फोनवर येऊन बसला होता. त्यांनी तो उचलला. तो त्यांना जड होता. तोंडापर्यंत आणायला वेळ लागला आणि तेवढ्या वेळात धैर्यशील दुकानातल्या पोराला मल्याळीत शटर ओढायला सांगत होता आणि रडत होता.

"धैर्या," तात्या म्हणाले.

पलीकडं सगळं थांबलं.

"तात्या?"

"व्हय. म्याच."

रोजच्या सवयीनं त्यांनी दम भरून घेतला. एका श्वासात बसणारं ते वाक्य ओठांवर आलेलं उत्कर्षाला दिसलं. ‘ब’साठी ओठ मिटलेसुद्धा. मग ते उघडले आणि भरून घेतलेला सगळा दम तसाच बाहेर गेला. तात्यांनी तो पुन्हा गोळा केला नाही. जेवढा होता तेवढ्यावरच बोलले. धाप लागली, नळी शिटी वाजवायला लागली, तरी थांबले नाहीत. धाप ऐकू जाऊ दिली.

"बरफ... ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू ये... मला लय भ्या वाटतंय रं."